राजाचे हिरवे शिपाई

एझ्रा ऑर्मरॉड आतून आयरिश बंडखोरांना सामील होता आणि म्हणूनच त्याने भरल्या थिएटरात राजाचे लाल डगलेवाले शिपाई आयर्लंडच्या हिरव्या रंगाचे करून दाखवले, अशी बोलवा आमच्या थॉर्नडेनमध्ये बरीच वर्षं होती. वरच्या आळीतले लोक पुढे असंही सांगत की पोलिसांनी त्याच्या घरी जाऊन गादी उसवून पाहिली. आता गादी उसवली होती हे खरं, पण ती त्याच्या बायकोने, ढेकूण झाले म्हणून. आणि आयर्लंडचं म्हणाल, तर एझ्रा जन्मात एकदा ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर गेला, पाण्याकडे तोंड करून उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "हे समोर फ्रान्स बरं का." समोर आयर्लंड होतं. ज्याला आयर्लंड कुठल्या अंगाला आहे ते ठाऊक नाही, तो त्याच्यासाठी बंड काय करणार?

खरी गोष्ट साधी होती. एझ्राला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. दोन्ही रंग त्याला ओल्या तंबाखूसारखे, मळकट दिसत. एवढंच.

पण "एवढंच" म्हणायला तो दुसऱ्या कुठल्या तरी गावात जन्मायला हवा होता. कोळशाच्या खाणीच्या गावात त्याचं काही अडलं नसतं. थॉर्नडेन पडलं रंगाऱ्यांचं गाव. कारखान्यात त्या दिवशी जो रंग उकळत असेल तो रंग घेऊन नदी पुलाखालून जायची, आणि बायका पुलावर टोपल्या टेकवून सांगायच्या की येत्या हिवाळ्यात लंडनच्या मडमा जांभळं घालणार की शेवाळी. पुरुषांच्या नखांत रंग, मानेच्या घड्यांत रंग, चहाच्या कपाच्या कडेला रंग. अशा गावात ज्याला रंग कळत नाही तो पोरगा म्हणजे गवयाच्या घरातला बहिरा.

एझ्राच्या बापाला हे कळलं ते पोर बारा वर्षांचं झाल्यावर. रीतीप्रमाणे त्याने पोराला हाताशी धरून कारखान्यात नेलं. मुकादम जेबेझ ऑग्डनने त्याला वाळवणीवरच्या सुताच्या लाल लडी गाडीत भरून आणायला सांगितल्या. पोराने गाडी शिगोशीग भरून आणली, निम्म्या लाल आणि निम्म्या हिरव्या. बापाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा पोराकडे, आणि मुकादमाला म्हणाला, "याची छाती नाजूक आहे, जेबेझ. वाफ सोसत नाही. डोळ्यांत पाणी येतं." घरी आल्यावर त्याने दार लावून घेतलं. "हे कुणाजवळ बोलायचं नाही. अगदी मरताना पाद्र्याजवळसुद्धा नाही. ऑर्मरॉडांच्या घरात असलं काही झालेलं नाही."

तेव्हापासून एझ्रा रंग पाढ्यांसारखे पाठ करू लागला. गवत हिरवं. टपालपेटी लाल. शिपायाचा डगला लाल. पिकलेला टोमॅटो लाल, कच्चा हिरवा, आणि मधला आला तर खोकला काढून विषय बदलायचा. इतकं करून तो निभावून नेत होता, आणि आपलं गुपित कुणालाही कळलेलं नाही या समजुतीवर रात्री गाढ झोपत होता.

कारखाना नाही म्हटल्यावर त्याने दारूबंदीवाल्यांच्या हॉलमध्ये जादूच्या कंदिलाचं काम धरलं. काचेवरची चित्रं भिंतीवर पाडायची: पहिल्या चित्रात नवरा दारू पितो, दुसऱ्यात खुर्च्या विकतो, तिसऱ्यात बायको रडते. सगळं काळंपांढरं. एझ्राला वाटे, देवाने हे काम आपल्यासाठीच राखून ठेवलं होतं. पुढे हलती चित्रं आली. सेप्टिमस डकवर्थ नावाच्या लोणच्याच्या व्यापाऱ्याने हॉल भाड्याने घेतला, त्याचं नाव एम्प्रेस ठेवलं, मागच्या भिंतीपाशी आगीच्या भीतीने लोखंडी पत्र्याची खोली ठोकली आणि एझ्राला यंत्रासकट त्यात बसवलं. तिथे उन्हाळ्यात पाव भाजून निघेल इतकं गरम व्हायचं. एझ्राने कधी कुरकुर केली नाही. हिरव्यालाल जगात त्याला ही एकच जागा सापडली होती जिथे तो गावातल्या कुणाहीपेक्षा कमी नव्हता.

त्याचं गुपित, त्याच्या मते, एकट्या टॅबिथाला माहीत होतं. ही कारखान्याच्या नमुन्याच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी बसून छटा जुळवायची. दोन काळ्या कापडांतलं अधिक काळं कोणतं ते ती सांगे, आणि त्यावर पैज लावणारे हरत. लग्नाआधी, पेन्टेकॉस्टच्या सणाच्या मिरवणुकीसाठी एझ्राने तिला लाल रिबिन आणून दिली. रिबिन हिरवीगार होती. टॅबिथाने ती पाहिली, केसांत बांधली आणि सगळ्या गावातून चालून आली. संध्याकाळी मैदानावर चहा पिताना तिने हळूच विचारलं, "तुला दिसत नाही ना?"

एझ्राने कपात पाहिलं. "काय दिसत नाही?"

"बरं, राहू दे. माझे केस विस्तवासारखे लाल आहेत. ज्या मुलाला दिसतात तो दुसऱ्या मुलीशी नाचायला जातो. तू बस इथेच."

तो बसला, आणि मग बसलाच.

तर अशी सुखाची गाडी चालली असताना नव्या राजाच्या राज्यारोहणाचं वर्ष आलं. लंडनमध्ये राजाची मिरवणूक निघाली आणि ती खऱ्या रंगांत टिपलेली फिल्म गावोगाव दाखवणारी एक कंपनीही निघाली. हाताने रंग फासलेली चित्रं नव्हेत हां, कॅमेऱ्याने स्वतः पकडलेले रंग. डकवर्थने आठवड्याभरासाठी फिल्म आणि यंत्र ठरवलं, गावातल्या भिंती जाहिरातीच्या कागदांनी झाकून टाकल्या आणि एझ्राच्या पाठीवर थाप मारली. "आता यापुढे सगळं रंगीतच येणार, लेका. ज्याला हे चालवता येईल तो राहील. बाकीच्यांना मी लोणची भरायला लावीन."

एझ्रा हसला. हसता हसता त्याने मनात हिशेब मांडला. वय पंचेचाळिशीपलीकडचं. कारखान्याचं दार कधीच बंद झालेलं. ही लोखंडी खोली गेली तर गावात त्याला दुसरी जागा नव्हती, आणि ती ज्या कारणाने जाईल ते कारण उघडं पडलं तर पुलावरून मान वर करून चालायची सोय नव्हती.

कंपनीचा माणूस फेअरली यंत्र घेऊन आला. लंडनचा, टापटिपीचा, मिशीला मेण लावणारा. त्याने समजावून सांगितलं ते असं. फिल्म असते काळीपांढरीच. पण एक चित्र लाल काचेतून घेतलेलं, पुढचं हिरव्या, पुन्हा लाल, पुन्हा हिरव्या. यंत्रात दिव्यासमोर एक चकती गरागरा फिरते, तिलाही एक लाल काच आणि एक हिरवी. लालच्या चित्राला लाल काच मिळाली की पडद्यावर खरे रंग. अदलाबदल झाली की सगळं उलटं. "म्हणून सुरुवातीला फिल्मवरचा तांबडा ठिपका चकतीवरच्या तांबड्या ठिपक्याशी जुळवायचा. हिरव्याशी नाही. आणि मध्येच फिल्म तुटली, जोडताना एखादं चित्र गळलं, तर पडद्याकडे बघायचं आणि हा दांडा एकदा ओढून एक चित्र पुढे सरकवायचं. शेंबडं पोर करील."

"हो," एझ्रा म्हणाला.

"शिपाई लाल दिसले की झालं."

"शिपाई लालच असतात," एझ्रा म्हणाला. हे त्याला पाठ होतं.

फेअरली पुढच्या गावाला गेला, गुरुवारी परत येतो म्हणून. गुरुवारी मोठा खेळ होता: नगराध्यक्ष, चर्चची मंडळी, खाली पितळी बँड.

सोमवारी पहिला खेळ झाला. एझ्राने दोन ठिपके पाहिले, दोन्ही ओल्या तंबाखूचे. त्यातल्या त्यात तांबडा वाटला तो धरला आणि दिवा लावला. पडद्यावर रस्ता आला, घोडे आले, शिपाई आले. एझ्राने झरोक्यातून पाहिलं. शिपाई होते, म्हणजे लाल होते. त्याची छाती भरून आली. हॉल इतका चिडीचूप होता की केझाया क्लेग व्हिनेगर घातलेले काळे वाटाणे विकत फिरते तिच्या चमच्याचा आवाज येत होता. लोक भारावले असणार, असं त्याला वाटलं.

खेळ सुटल्यावर केझाया खोलीच्या दारात आली. ही त्याची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. "छान झालं हो, एझ्रा. घोडे तर फारच छान."

मागून आणखी कुणी म्हणालं, "काळे घोडे म्हणजे अगदी जिवंत."

"घोड्यांना तोड नाही," तिसरं म्हणालं.

एझ्रा शीळ घालत घरी गेला. संध्याकाळी टॅबिथा कारखान्यातून आली ती टोपी न काढता खुर्चीवर बसली. "गावभर घोड्यांचं कौतुक चाललंय. राजाबद्दल चकार शब्द नाही. मी पुढच्या खेळाला जाऊन बसते."

ती जाऊन बसली, पाहून आली आणि चहा ओतता ओतता तिने सांगितलं. "शिपाई हिरवे आहेत. गवत लाल आहे. राजेसाहेबांचा चेहरा मटारच्या सूपसारखा. सरळ फक्त घोडे, कारण ते काळे."

एझ्राने ब्रेडचा तुकडा ताटलीत परत ठेवला. तो म्हणाला, "कुणी काही बोललं नाही म्हणजे कुणाला कळलं नसेल."

"रंगाऱ्यांना?"

"त्यांना वाटलं असेल, लंडनला असंच असतं."

टॅबिथाने त्याच्याकडे पाहिलं आणि टोपीची लांब पिन काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी ती त्याच्याबरोबर एम्प्रेसमध्ये गेली आणि फिल्मच्या सुरुवातीला व चकतीवर, दोन्हीकडे बरोबर ठिपक्याजवळ त्या पिनने ओरखडा काढून आली. आता एझ्राला बोटाने चाचपून जुळवता येई. मंगळवार, बुधवार शिपाई लाल झाले. गावाने घोड्यांचं कौतुक थांबवून राजाचं सुरू केलं. उरला प्रश्न मध्ये फिल्म तुटण्याचा, आणि ती फिल्म इतक्या वेगाने धावायची की तुटल्याशिवाय राहत नसे. बुधवारी दोनदा तुटली, नशिबाने दोन्ही वेळा सरळ जोडली गेली. गुरुवारी नशिबावर सोडून कसं चालेल?

मग दोघांनी दोरीची युक्ती काढली. मेणाची, चांभाराची, काळी दोरी. एक टोक एझ्राच्या खांद्यावरच्या गॅलिसच्या पट्ट्याला, दुसरं झरोक्यातून खाली, मागच्या रांगेत बसलेल्या टॅबिथाच्या हातात. पडद्यावर रंग उलटे झाले की तिने एक हिसका द्यायचा, त्याने दांडा एकदा ओढायचा. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये त्यांनी तालीम केली. दोरी उत्तम चालली. एझ्रा तर म्हणाला की आपण दोघं सर्कशीत जाऊ.

एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही, आणि ती अशी माणसंच विसरू शकतात जी जन्मभर एक पुढच्या बाकावर आणि एक लोखंडी खोलीत बसली. सिनेमाच्या हॉलमध्ये मान मोडून बघायची पुढची बाकं गरिबांची. मागची मखमली रांग बड्यांची. गुरुवारी टॅबिथा दोरी मुठीत धरून मागच्या रांगेत बसली, आणि डकवर्थ धापा टाकत आला. "ऊठ, ऊठ बाई. इथे नगराध्यक्ष बसणार. तू तिकडे कडेला बस."

तिने दोरी सोडली नाही, एवढंच तिच्या हाती होतं. ती रांगेच्या पार टोकाला, खांबाआड जाऊन बसली. दोरी आता अख्ख्या मखमली रांगेच्या पायांखालून आडवी गेली होती. वर खोलीत एझ्राला यातलं काही माहीत नव्हतं.

नगराध्यक्ष होल्ट म्हणजे मोठा देह आणि त्याहून मोठे बूट. बँडवर त्यांचा जीव. तरुणपणी ते स्वतः त्यात ढोल वाजवत आणि पाय अजून ते विसरले नव्हते. दिवे गेले, राजाची मिरवणूक सुरू झाली, शिपाई लालबुंद, गवत हिरवं, खोलीत एझ्राचा जीव भांड्यात. मग खाली बँडने संचलनाची धून धरली आणि नगराध्यक्षांचा उजवा बूट तालावर आपटू लागला. बरोबर दोरीवर.

एझ्राच्या गॅलिसला हिसका बसला. त्याने दांडा ओढला. लगेच दुसरा हिसका. त्याने पुन्हा ओढला. तिसरा, चौथा. टॅबिथाला आज झालंय तरी काय, असं म्हणत तो घामाघूम होऊन दांडा ओढत राहिला. पडद्यावर राजाचे शिपाई लाल, हिरवे, लाल, हिरवे, बँडच्या अगदी ठेक्यावर. गवत त्यांच्या उलट. पुढच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळी बाकं हसली आणि तीही पाय आपटू लागली. नगराध्यक्षांना वाटलं, वा, प्रजा राजनिष्ठेने तालात आली. त्यांनी दोन्ही बूट लावले.

ठरल्याप्रमाणे परत आलेला फेअरली खोलीकडे धावला. त्याने यंत्र थांबवलं, दिवे लावायला सांगितले, आणि त्याला गॅलिसची दोरी दिसली. ती हातावर गुंडाळत गुंडाळत तो निघाला, झरोक्याखाली आला, रांगेत शिरला, लोकांचे पाय उचलवत सरकला आणि थेट नगराध्यक्षांच्या बुटापाशी पोचला. नगराध्यक्षांनी खाली पाहिलं. "हे माझं नाही," ते म्हणाले.

खांबाआडून टॅबिथा उठली. "माझं आहे."

तोवर एझ्राही बाहेर आला होता, कपाळावर काजळी, एक गॅलिस खांद्यावरून उतरलेला. फेअरलीने खिशातून काचेचे दोन सुटे तुकडे काढले आणि दिव्याकडे धरले. आवाज चढवला नाही, पण हॉलभर ऐकू गेलं. "यातला लाल कुठला?"

एझ्राला अंदाजाने सांगता आलं असतं. निम्मी शक्यता तर होतीच. खोकला काढता आला असता. टॅबिथाची नजर डाव्या तुकड्यावर गेली होती, तेही त्याला दिसलं. त्याने पाहिलं, टोपी काढली आणि बापाला दिलेला शब्द सगळ्या गावादेखत मोडला.

"मला कळत नाही, साहेब. कधीच कळलेलं नाही."

फेअरली हॉलकडे वळला. "रंगाऱ्यांचं गाव म्हणवता, आणि हे इतक्या वर्षांत एकाच्याही लक्षात आलं नाही?"

पुढच्या बाकावरून म्हातारा जेबेझ ऑग्डन काठीवर रेलून उठला. हाच तो मुकादम. "लक्षात यायला काय झालं? याच्या बापाने मला सांगितलं, पोराची छाती नाजूक आहे, वाफ सोसत नाही. आणि हे पोर दर रविवारी प्रार्थनेत असं गायचं की खिडक्यांची तावदानं हलायची. मी म्हटलं, असेल बाबा नाजूक."

हॉल हसला. 

केझाया क्लेगने वाटाण्यांचं भांडं खाली ठेवलं. "मी काय दर उन्हाळ्यात याच्या टोमॅटोंत वाकायला हौसेने जाते? म्हणते गुडघ्यांना व्यायाम हवा. माझे गुडघे वाकतात तेव्हा वर अर्ध्या आळीला ऐकू जातात. पण नाही गेलं तर हा कच्चे तोडून बसतो."

"मागच्या नाताळात याने मला होलीच्या, त्या लाल फळांच्या काटेरी झुडपाच्या, फांद्या आणून दिल्या," बँडमधला तुतारीवाला म्हणाला. "मोळीभर. शोधून एक लाल फळ नाही. माझी बायको म्हणाली, काही बोलू नकोस, मी लोकरीची करून लावते."

"आणि सोमवारी आम्ही दुसरं काय म्हणायचं होतं?" केझाया म्हणाली. "पडद्यावर सरळ असे घोडेच होते. तेवढेच वाखाणले."

एझ्रा मधल्या वाटेतल्या पायरीवर बसला.  आयुष्यभर तो एक दार पाठीने दाबून उभा होता, आणि आता कळत होतं की पलीकडून कुणी ढकलतच नव्हतं. उलट सगळे जाता-येता त्याच दाराला खांदा लावून जात होते. कुणाकडे आधी बघावं ते त्याला समजेना, म्हणून त्याने टोपीत बघितलं.

"वीस वर्षं?" त्याने टोपीलाच विचारलं.

"तीस," जेबेझ म्हणाला. "आणि मोजणारा मी एकटा नाही."

फेअरलीला हा सगळा जिव्हाळा कुठे ठेवावा ते कळेना. "ते ठीक आहे. पण माझं यंत्र या माणसाच्या हाती मी ठेवू शकत नाही. आज रात्री परत नेतो."

डकवर्थचा चेहरा सोमवारच्या राजासारखा झाला. टॅबिथा रांगेतून बाहेर आली. "त्याचे हात ठेवा आणि माझे डोळे घ्या. मी आत बसते, दांडा माझ्याकडे."

"बाईमाणूस? त्या खोलीत? ती भट्टी आहे, बाई."

"मी वीस वर्षं रंगाच्या कारखान्यात आहे, साहेब. तुमच्या भट्टीत मी शाल घेऊन बसेन."

"नियमात..."

"नियमात बाईने बसू नये असं लिहिलंय?" जेबेझने विचारलं.

फेअरलीने मिशीला हात लावला. लिहिलेलं नव्हतं, कारण हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्याने ते दोन्ही काचेचे तुकडे टॅबिथापुढे धरले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "डावा लाल. आणि तुमच्या कॉलरला काल चहा सांडलाय, धुतल्यावरही राहिलाय."

खेळ पहिल्यापासून लागला. नगराध्यक्षांना पाय वर धरायची विनंती करण्यात आली आणि त्यांनी ती राजासाठी म्हणून मान्य केली. मध्ये फिल्म एकदा तुटली. जोडून सुरू झाली तेव्हा क्षणभर शिपाई हिरवे झाले, खोलीतून टॅबिथाचा "अगं बाई" ऐकू आला आणि शिपाई लाल झाले. लोकांनी राजापेक्षा त्याला जास्त टाळ्या वाजवल्या.

दोघं तेव्हापासून त्या खोलीत एकत्रच बसू लागले. अंधारात, इतक्या अरुंद जागेत नवराबायको काय करत असतील याच्या गप्पा आमच्या गल्लीला दोन हिवाळे पुरल्या. कुणी विचारलं तर टॅबिथा सांगे, "घाम पुसतो. एकमेकांचा." रंगीत फिल्मची ती कंपनी पुढे काही वर्षांत बसली. यंत्र महाग, फिल्म तुटकी, आणि मग लढाई आली. त्यात आमच्या गल्लीतले जे शिपाई गेले त्यांचे डगले ना लाल होते ना हिरवे. पडदा पुन्हा काळापांढरा झाला. एझ्राला आता डोळ्यांची गरज नव्हती, तरी टॅबिथा खोलीतून हलली नाही. म्हणायची, सवय झाली.

एझ्राने मात्र त्या गुरुवारचं मनातून जाऊ दिलं नाही. तो फार बोलणारा नव्हताच. पण टोमॅटो आले की तो दर दारी टोपली ठेवी, जेबेझच्या दारी सगळ्यांत मोठी, आणि केझाया यायच्या आधीच तोडून ठेवी, तिच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून. अर्थात टोपलीत निम्मे कच्चे असत. त्या वर्षांत थॉर्नडेनमध्ये हिरव्या टोमॅटोची चटणी घातलेली नाही असं एक घर सापडणार नाही. डकवर्थने तिच्या बाटल्या विकायला काढल्या. कुणीही एझ्राला काही बोललं नाही. आता तो हे ओळखून होता, आणि टोपली ठेवताना दार वाजवून म्हणे, "कच्चे निघाले तर निघाले. तुम्ही सांगणार नाहीच."

जेबेझ गेला तेव्हा एझ्रा पुढे होऊन इतक्या मोठ्याने गायला की खिडक्या खरोखरच हलल्या. छाती नाजूक, असं मागून कुणीतरी पुटपुटलं आणि शवपेटीला खांदा दिलेले चौघे हसू दाबताना वाकडे झाले.

तो काम सोडून बसला तेव्हा डकवर्थच्या मुलाने हॉलमध्ये चहा दिला. मांस भरलेली पेस्ट्री, बटाटे, आणि ती चटणी. टॅबिथा त्याच्या शेजारी, तिचे केस आता पिकलेले. एझ्रा म्हणायचा की मला तर काही फरक दिसत नाही. पाद्री विल्कॉक गावात नवे होते, आणि नव्या पाद्र्याला प्रत्येक चहात काहीतरी हृद्य बोलायचंच असतं. ते कप हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, या भल्या माणसाने सगळ्या गावाला राजाचं वैभव खऱ्या रंगांत दाखवलं, आणि स्वतः त्याने ते कधी पाहिलं नाही. मग एझ्राकडे वाकून त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "ज्याचा आपल्याला कधी अनुभवच नाही ते दुसऱ्यांना दाखवत राहायचं, याचं वाईट नाही का हो वाटलं?"

एझ्राने तोंडातला घास गिळला.

"तुम्ही दर रविवारी आम्हाला स्वर्ग दाखवता, पाद्रीसाहेब," तो म्हणाला. "तो उलटा लागलाय की सुलटा, हे सांगायला तुमच्या शेजारी तर कुणी बसतही नाही. माझ्या शेजारी ही होती."